जुन्या फियाटचा उंबरा

जुनी मोटार घेताना तिचा पत्रा कसा पारखावा? लोहचुंबक रुमालात गुंडाळायचा आणि पत्र्यावरून हळूहळू फिरवत न्यायचा. जिथे रंगाखाली खरोखर लोखंड आहे तिथे तो धरून ठेवतो. जिथे नुसती पुट्टी भरलेली आहे तिथे तो घसरून पडतो. शाळेच्या कपाटातला नालेच्या आकाराचा चुंबक या कामाला उत्तम.

आम्ही दोघे एकाच शाळेत शिकवतो, एक विज्ञान आणि एक इतिहास. आमच्यापैकी एकाच्या काकांची १९६८ सालची फियाट ११०० रत्नागिरीजवळच्या घरी मांगरात बरीच वर्षे उभी होती. काका गेल्यावर ती आमच्याकडे आली. २०१६च्या दिवाळीच्या सुट्टीत आम्ही चुंबक घेऊन तिच्याभोवती फिरलो. छपरावर तो चिकटला, बॉनेटवर चिकटला, दारांवर कुठे चिकटला तर कुठे नाही. पण दारांच्या खाली, पुढच्या चाकापासून मागच्या चाकापर्यंत, जी लांब पेटीसारखी पट्टी असते आणि जी ओलांडून आपण आत बसतो, तिथे डाव्या बाजूला हातभर लांबीत तो कुठेच चिकटेना. इंग्रजी पुस्तकांत या भागाला सिल म्हणतात, म्हणजे उंबरा. आपणही उंबराच म्हणू.

चाक काढावे म्हणून उंबऱ्याजवळ जॅक लावला आणि दांडा फिरवू लागलो. जॅक वर गेला, गाडी वर गेली नाही. कुरकुर असा आवाज झाला, जॅकचे डोके पत्र्यात घुसले, आणि मघाशी नीट उघडलेले मागचे दार आता चौकटीत अडकून बसले. जॅक दाराच्या खाली लावला होता. मग दार का अडकावे? या प्रश्नाचे उत्तर शोधताना आम्हाला मोटारीच्या पत्र्याचा शंभर वर्षांचा इतिहास चाळावा लागला.

आधी उंबऱ्यात काय होते ते सांगतो. छिन्नीने वरचा थर उडवला तेव्हा क्रमाने पांढरा रंग, राखाडी प्रायमर, पुन्हा पांढरा, मग जवळजवळ अर्धा इंच जाडीची पुट्टी, तिच्यामागे लोखंडी जाळी आणि जाळीमागे वर्तमानपत्राचे बोळे निघाले. गंजलेल्या भोकाला पाठीमागून आधार म्हणून ते कोंबलेले होते. एका बोळ्यावर क्रिकेटच्या विश्वचषकाचे वेळापत्रक होते. आपल्याकडे आणि पाकिस्तानात ती स्पर्धा १९८७च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात झाली. म्हणजे ही 'दुरुस्ती' त्या सुमाराची. उत्खननात नाणे सापडावे तसा इतिहासाच्या शिक्षकाला आनंद झाला. विज्ञानाच्या शिक्षकाला झाला नाही, कारण बोळे अजून ओले होते.

आता थोडे मागे जाऊ.

पहिल्या मोटारींचे शरीर हे घोडागाडीचेच शरीर होते. खाली लोखंडी पट्ट्यांची भक्कम चौकट म्हणजे चॅसी. तिच्यावर इंजिन, चाके, स्प्रिंगा. त्या चौकटीवर सुतार लाकडी सांगाडा उभा करत आणि त्यावर पत्रा किंवा फळ्या ठोकत. गाडी चालण्यासाठी लागणारे सगळे बळ चौकटीत असे. वरचे शरीर उतरवून ठेवले तरी गाडी चालू शके. असे शरीर सडले तर गाडी कुरूप होई, धोकादायक होत नसे.

या पद्धतीत रंग देण्याचे काम फार वेळ खाई. तेलातला रंग आणि व्हार्निश यांचे एकावर एक थर द्यायचे, प्रत्येक थर सुकू द्यायचा, घासायचा, पुन्हा द्यायचा. चांगल्या गाडीला यात आठवडेच्या आठवडे जात. भट्टीत तापवून रंग लवकर सुकवता आला असता, पण आत लाकूड असताना भट्टी फार तापवता येत नाही. अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या एडवर्ड बड याने १९१२ साली कंपनी काढली आणि लाकूड काढून टाकून संपूर्ण पोलादी पत्र्याचे शरीर बनवण्याचा ध्यास घेतला. जोसेफ लेडविंका हा अभियंता त्याच्या जोडीला होता. १९१४ साली डॉज बंधूंनी त्यांच्या नव्या मोटारीसाठी बडकडून हजारो पोलादी शरीरे घेतली. पत्रा साच्यात दाबून आकार द्यायचा आणि तुकडे विजेने डाग देऊन जोडायचे. विजेच्या या वेल्डिंगचे तत्त्व एलिहू थॉमसन याने १८८०च्या दशकात दाखवले होते : दोन पत्रे एकावर एक ठेवायचे, दोन बाजूंनी तांब्याची टोके दाबायची आणि मोठा प्रवाह सोडायचा. पत्र्यांमधल्या सांध्यात विरोध जास्त असल्याने तेवढाच ठिपका वितळतो आणि पत्रे जोडले जातात. आजही मोटारीचे शरीर मुख्यतः अशा हजारो ठिपक्यांनी जोडलेले असते. दोन ठिपक्यांच्या मधे मात्र पत्रे नुसते एकमेकांना टेकलेले राहतात. या फटीकडे आपल्याला परत यायचे आहे.

पोलादी शरीर भट्टीत घालता आले. रंगाचा दुसरा अडसर दूर झाला तो एका पिंपामुळे. न्यू जर्सीत पार्लिन येथे द्यूपाँ कंपनीचा फिल्म बनवण्याचा कारखाना होता. तिथे १९२० साली सेल्युलोज नायट्रेटच्या दाट द्रावणात सोडियम ॲसिटेट घातलेले एक पिंप उन्हाळ्यात काही दिवस तसेच पडून राहिले. उघडून पाहिले तर चिकट दाट द्रावण पातळ झालेले! पातळ असल्यामुळे त्यात भरपूर रंगद्रव्य मिसळता येई, फवारता येई, आणि द्रावक उडून गेला की काही मिनिटांत कडक थर बसे. १९२३ साली जनरल मोटर्सच्या ओकलंड मोटारींवर हा रंग आला आणि रंगकामाचे आठवडे दिवसांवर आले. सेल्युलोज नायट्रेट म्हणजे तेच गनकॉटन, जे पहिल्या महायुद्धात दारूगोळ्यासाठी प्रचंड प्रमाणात बनवले गेले होते. द्यूपाँने या रंगाला नाव दिले ड्युको. आपल्याकडे गॅरेजात आणि फर्निचरच्या दुकानात फवाऱ्याने दिलेल्या चकचकीत रंगाला 'ड्युको' म्हणतात, ते इथून आले. रंग केव्हाच बदलले, नाव राहिले.

लाकूड गेले तरी खालची चौकट होतीच. ती काढून टाकण्याचे धाडस युरोपात झाले. इटलीत व्हिन्चेन्झो लान्चा याने १९२२ साली लॅम्बडा ही मोटार दाखवली. तिला वेगळी चॅसी नव्हती. दाबलेल्या पत्र्याचे शरीरच सगळा भार पेलत होते. १९३४ साली फ्रान्समध्ये सिट्रोएनने ट्रॅक्सियों आव्हां ही मोटार मोठ्या संख्येने याच पद्धतीने बनवायला घेतली, आणि त्यासाठीचे तंत्र बडच्या कंपनीकडूनच घेतले. फियाटची अशी पहिली मोटार १९५० सालची १४००, आणि त्यानंतर १९५३ साली आलेली नवी ११००. चौकट गेल्याने गाडी हलकी झाली, बसकी झाली, पोलाद वाचले.

मिलिमीटरभर जाडीचा पत्रा एवढा भार कसा पेलतो? वर्गात करून पाहा. एका पोस्टकार्डाची सुरळी करा आणि कडेला पूर्ण लांबीभर डिंक लावून ती चिकटवा. सुकल्यावर दोन्ही टोके धरून पिळा. सुरळी चांगलाच विरोध करते. आता ब्लेडने ती लांबीत एका रेषेत चिरा आणि पुन्हा पिळा. कागद तोच, वजन तेच, पण जवळजवळ काहीच विरोध नाही. पातळ गोल नळी बंद असताना तिचा पिळाविरुद्धचा ताठपणा चिरलेल्या नळीच्या किती पट असतो, याचे एक सोपे सूत्र आहे : त्रिज्येला जाडीने भागा, आलेल्या संख्येचा वर्ग करा आणि त्याची तिप्पट करा. त्रिज्या ५ सेंटिमीटर आणि पत्रा १ मिलिमीटर धरला तर भागाकार ५०, वर्ग २५००, आणि तिप्पट ७५००. नळीला एक लांब चीर गेली की तिचा ताठपणा साडेसात हजारांश राहतो.

फियाटचा उंबरा ही अशीच बंद नळी आहे, फक्त गोल नाही, चौकोनी. दोन पन्हळीसारखे पत्रे समोरासमोर ठेवून वरच्या आणि खालच्या ओठांवर वेल्डिंगचे ठिपके दिलेले. मोटारीच्या शरीरात दारांसाठी मोठी भगदाडे असतात. तिथे भार पेलायला वर छप्पर आणि खाली उंबरे एवढेच उरते. आमच्या गाडीत खालचा ओठ गंजून हातभर उघडला होता. पेटीची पन्हळ झाली होती. जॅकने ती उचलायला गेलो तेव्हा शरीर मधोमध वाकले, दाराची चौकट तिरकी झाली आणि दार अडकले. १९५३ पूर्वीच्या, चौकट असलेल्या फियाटवर हे घडले नसते.

या ठिकाणी ती मोटार आपल्याकडे कशी आली तेही सांगायला हवे. भारतात मोटारीचा कारखाना असावा ही कल्पना मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांनी १९३०च्या दशकात मांडली होती. सोलापूरचे वालचंद हिराचंद यांनी ती उचलून धरली. परक्या सरकारने साथ दिली नाही, तरी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी उभी राहिली आणि कुर्ल्याच्या कारखान्यातून १९४७ साली पहिली गाडी बाहेर पडली. फियाटशी करार झाला, आणि १९६४पासून ११०० डिलाइट आली. पुढे १९७०च्या दशकात तीच प्रीमियर पद्मिनी झाली. इटलीत त्या घाटाची ११०० केव्हाच बंद झाली असताना कुर्ल्यात तिची पिढी २०००च्या आसपासपर्यंत चालू राहिली. मुंबईत काळ्या-पिवळ्या टॅक्सी म्हणून नोंदलेली शेवटची पद्मिनी ऑक्टोबर २००३मधली. टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा असल्यामुळे ऑक्टोबर २०२३मध्ये तीही रस्त्यावरून गेली. टॅक्सी तगवणारे मिस्त्री हे या इतिहासातले मोठे लोक आहेत, पण त्यांची नोंद कुठल्या पुस्तकात फारशी सापडत नाही. ट्यूरिनच्या थंड हवेसाठी आखलेला पत्रा त्यांनी समुद्राकाठी, चार महिन्यांच्या पावसात, पन्नास वर्षे चालवून दाखवला.

आता गंजाकडे वळू. लोखंड गंजायला पाणी आणि हवा दोन्ही लागतात हे आपण मुलांना तीन परीक्षानळ्यांच्या प्रयोगाने शिकवतो. त्यामुळे मुलांचा (आणि आमचाही) असा समज होतो की जिथे हवा जास्त तिथे गंज जास्त. मग मोटारीचे उघडे, ऊन-पाऊस खाणारे छप्पर शाबूत आणि झाकलेला उंबरा सडलेला, असे का?

गंजणे ही विद्युत-रासायनिक क्रिया आहे, हे अमेरिकेत विलिस व्हिटनी याने १९०३ साली मांडले. केंब्रिजच्या युलिक एव्हान्स याने १९२०च्या दशकात ते एका थेंबात दाखवले. हा प्रयोग शाळेत सहज होतो. १०० मिलिलिटर पाण्यात ३ ग्रॅम मीठ, फिनॉल्फथॅलिनचे काही थेंब आणि पोटॅशियम फेरिसायनाइडची चिमूट टाका. (या द्रावणात आम्ल घालू नका आणि ते तापवू नका.) पॉलिश पेपरने चकाकवलेल्या पत्र्याच्या तुकड्यावर याचा मोठा थेंब ठेवा आणि हलवू नका. थोड्या वेळाने थेंबाच्या मध्यभागी निळा रंग दिसू लागतो आणि कडेला गुलाबी. नंतर या दोहोंच्या मध्ये तपकिरी कडे उमटते.

निळा रंग म्हणजे तिथे लोखंड विरघळून पाण्यात उतरते आहे. गुलाबी रंग म्हणजे तिथे हायड्रॉक्साइड तयार होते आहे. थेंबाच्या कडेला पाण्याचा थर पातळ असल्याने हवेतला ऑक्सिजन सहज पोचतो आणि लोखंडातून आलेले इलेक्ट्रॉन घेतो. हे इलेक्ट्रॉन मध्यभागातून येतात. म्हणजे एका थेंबाखाली एक छोटा विद्युतघट तयार झाला : मध्य हे धनाग्र, कडा हे ऋणाग्र, आणि मीठ घातलेले पाणी वाहक. तपकिरी गंज दिसतो तो दोहोंच्या मध्ये, पण पत्रा खाल्ला जातो तो मध्यभागी, जिथे ऑक्सिजन सर्वांत कमी!

हे कळल्यावर आम्हाला आमचा उंबरा वाचता येऊ लागला. वेल्डिंगच्या दोन ठिपक्यांमधली फट, चिखल साचलेला कोपरा, पुट्टीखाली अडकलेला ओलावा, वर्तमानपत्राचे ओले बोळे : या सगळ्या थेंबाच्या मध्यभागासारख्या जागा. बाहेरचा हवेशीर पत्रा ऋणाग्र होतो आणि आतला झाकलेला पत्रा त्याच्यासाठी झिजतो. त्यात कोकणची खारी हवा. शिवाय गंज जागाही जास्त मागतो. ५६ ग्रॅम लोखंड सुमारे ७ घन सेंटिमीटर जागा व्यापते. त्यापासून होणाऱ्या गंजातले एक नेहमीचे खनिज, गोएथाइट, सुमारे २१. फटीत तिप्पट आकारमान तयार झाले की दोन पत्रे पाचर मारल्यासारखे फाकतात, वेल्डिंगचे ठिपके उसवतात, आणि नव्याने उघडलेल्या फटीत आणखी पाणी शिरते.

एक गोष्ट आम्हाला फार उशिरा दिसली. उंबऱ्याच्या खालच्या बाजूला पाणी निघून जावे म्हणून ठेवलेली भोके होती. १९८७च्या कारागिराने, किंवा त्याच्या आधीच्या कुणीतरी, गंजाच्या भोकांबरोबर तीही पुट्टीने बुजवून टाकली होती.

पुट्टीला सरसकट दोष देणे मात्र बरोबर नाही. पत्र्याचा खड्डा भरण्याची गरज फार जुनी. पुट्टीच्या आधी हे काम शिशाने होत असे, आणि आमच्या गाडीच्या मागच्या खांबाच्या सांध्यात ते सापडलेही. सात भाग शिसे आणि तीन भाग कथील अशी ही मिश्रधातू १८३ अंश सेल्सिअसला मऊ पडू लागते, पण पूर्ण वितळायला सुमारे २५५ अंश लागतात. मधल्या सत्तर अंशांत ती लोण्यासारखी असते, आणि कारागीर लाकडी थापीला चरबी लावून तिला हवा तसा आकार देतो. त्याआधी पत्रा साफ करून त्यावर कथलाचा पातळ थर चढवावा लागतो, नाहीतर शिसे धरत नाही. आमच्या गावच्या मिस्त्रींना हे सांगितले तर ते हसले. "सर, ही तर कल्हई झाली!" आणि ते खरेच आहे. नवसागराने भांडे साफ करून त्यावर कथील पसरणारा कल्हईवाला हेच करतो.

शिशाचे काम कौशल्याचे आणि विषारी. १९५०च्या दशकापासून पॉलिएस्टर राळेत शंखजिऱ्याची पूड कालवलेली पुट्टी आली. हार्डनर घातला की काही मिनिटांत ती घट्ट होते, कुणालाही लावता येते. पण शंखजिरे घातलेली ही पुट्टी पाणी शोषते, आणि तिला मागून शाबूत पत्रा लागतो. मिलिमीटर-दोन मिलिमीटर खोल पोचा असेल तर ती उत्तम. अर्धा इंच जाडीचा उंबरा तिचा करणे म्हणजे तुटलेल्या हाडावर पावडर लावणे.

आणि पहिल्या खेपेला आम्ही नेमके तेच केले. जाळी आणि बोळे काढले, गंज ब्रशने खरवडला, फायबरचे कापड आणि राळ लावून वर पुट्टी ओढली, पाणी पेपर मारला, रंग दिला. गाडी सुंदर दिसली. शाळेच्या प्रदर्शनात उभी केली. २०१७च्या पावसाळ्यात उंबऱ्यावर फोड आले आणि गणपतीपर्यंत ते फुटले. मुलांसमोर एव्हान्सचा थेंब दाखवणाऱ्या माणसांनी हे केले, याची आम्हाला अजून लाज वाटते.

दुसऱ्या खेपेला मिस्त्रींना हाताशी घेतले. ते हातोडीच्या दांड्याने टकटक करत पुढून मागे गेले. शाबूत पत्रा खणखणतो, सडलेला बद्द वाजतो. जिथे आवाज पडला तिथे त्यांनी खडूने रेघ मारली. ती आमच्या अंदाजाच्या दुप्पट लांब होती. कापायच्या आधी त्यांनी गाडी चार घोड्यांवर समतल ठेवली आणि दाराच्या भगदाडात आडव्या-तिरक्या सळ्या तात्पुरत्या झाळून टाकल्या. उंबरा कापला की शरीर खचते, आणि खचलेल्या शरीरात नवा उंबरा बसवला तर दारे पुन्हा कधीच नीट बसत नाहीत. दाराच्या फटी आम्ही मोजून वहीत लिहिल्या.

गंजलेला भाग चकाकत्या पत्र्यापर्यंत कापला. नवा तुकडा २० गेजच्या पत्र्याचा, दोन कोनपट्ट्यांत धरून घडी घातलेला. जोडताना सलग वेल्डिंग करायचे नाही. इथे एक टाका, मग हातभर दूर दुसरा, मग उलट बाजूला तिसरा. कारण एक मीटर पोलाद ५०० अंशांनी तापले तर सुमारे ६ मिलिमीटर वाढते. ही वाढ एका जागी साठली तर पत्रा लाटेसारखा होतो. झालाच, तर मिस्त्री तेवढा ठिपका लाल करून त्यावर ओला बोळा ठेवत आणि पत्रा आवळून घेत. हे पाहणे आम्हाला प्रसरणाच्या धड्यापेक्षा जास्त शिकवून गेले. कारखान्यातल्या ठिपक्यांच्या जागी आम्ही वरच्या पत्र्याला भोके पाडून त्यांतून वेल्डिंग भरले. ओठ मिटण्यापूर्वी दोन्ही आतल्या बाजूंना जस्ताचा प्रायमर दिला. जस्त लोखंडाच्या आधी झिजते आणि त्याला वाचवते. हम्फ्री डेव्हीने १८२४ साली जहाजांच्या तांब्याच्या पत्र्याला वाचवायला जस्त आणि लोखंडाचे तुकडे लावून पाहिले होते, तेच हे तत्त्व.

बिजागऱ्या आणि लहान वस्तूंचा गंज आम्ही धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात बॅटरी चार्जर लावून काढला. वस्तू ऋण टोकाला, धन टोकाला साध्या लोखंडाची पट्टी. स्टेनलेस स्टीलची पट्टी कधीही वापरू नये, त्यातून क्रोमियमची विषारी संयुगे पाण्यात उतरतात. हायड्रोजन सुटतो म्हणून हे काम उघड्यावर आणि ठिणगीपासून दूर करावे. जिथे ब्रश पोचत नाही तिथल्या उरल्यासुरल्या गंजावर हिरड्याचा दाट काढा लावून पाहिला. हिरड्यातले टॅनिन गंजाशी मिळून काळाभोर थर देते. बाजारातल्या काही गंजरोधक द्रवांतही टॅनिनच असते. जुन्या थराचा रंग कोरडा घासू नये. त्यात शिशाची रंगद्रव्ये असू शकतात. लोखंडाला पूर्वी देत तो शेंदरी प्रायमर म्हणजे शिशाचे ऑक्साइड, खराखुरा शेंदूरच. पाणी पेपर वापरावा आणि ते पाणी विहिरीजवळ ओतू नये. शेवटचा रंग मात्र आम्ही घरी दिला नाही. हल्लीच्या दोन-घटकी पॉलियुरेथेन रंगाच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतात, त्यांचा फवारा छातीत गेला तर कायमचा दमा होऊ शकतो. तोंडाला रुमाल बांधून तो अडत नाही. मुलांना तर त्या वेळी आसपासही थांबू देऊ नये.

नव्या मोटारी असे का सडत नाहीत, असा प्रश्न मुले विचारतात. १९६०च्या दशकात फोर्ड कंपनीत जॉर्ज ब्रुअर याने संपूर्ण शरीर रंगाच्या हौदात बुडवून विजेने रंग बसवण्याची पद्धत आणली. तो रंग फवारा पोचत नाही अशा पेट्यांच्या आतही जातो. १९७०च्या दशकात शरीर धन टोकाऐवजी ऋण टोकाला जोडणारी सुधारित पद्धत आली. मग जस्ताचा मुलामा दिलेला पत्रा आला. पोर्शेने १९७०च्या दशकाच्या मध्यावर आणि ऑडीने १९८५ साली सबंध शरीर तसे केले. आमच्या फियाटच्या पेट्यांच्या आत काकांच्या काळात यातले काहीच पोचले नव्हते.

एक पेच उरला. भारतात २०२१ साली पन्नास वर्षांहून जुन्या, 'व्हिंटेज' मोटारींच्या नोंदणीचे नियम आले. गाडी मूळ रूपात असावी, चॅसीत किंवा शरीराच्या कवचात बदल केलेला नसावा, असा त्यांचा रोख आहे. आमच्या गाडीत चॅसी आणि कवच एकच, आणि त्यातला डावा उंबरा २०१८ सालचा. आमच्या मते जुन्या आकाराचा, जुन्या जाडीचा पत्रा जुन्याच जागी घातला तर तो बदल नव्हे; मूळ रूप बिघडवले ते अर्ध्या इंच पुट्टीने. पण कापलेला जुना उंबरा आम्ही टाकला नाही. तो प्रयोगशाळेच्या कपाटावर आहे, १९८७च्या बोळ्यांसकट.

उंबऱ्याच्या तळाशी पाण्याची सात भोके पुन्हा पाडली आहेत. मे संपता संपता आम्ही गाडीखाली शिरतो आणि सायकलची तार एकेका भोकातून आत घालून फिरवतो. गेल्या वर्षी चौथ्या भोकातून थोडी माती निघाली. बाकीची मोकळी होती.